गॅसच्या पाइपला जाकीट घालण्याआधी हा हिशोब करा

डिसेंबर लागला की आमच्या दुकानात एक प्रश्न हमखास येतो. "बाहेरनं गॅसची लाइन नेलीय, सकाळी सकाळी ज्योत नाचतेय, बर्नर फुरफुरतोय. पाइपला इन्सुलेशन घालू काय?" बहुतेकांच्या हातात कुणीतरी दिलेलं कोटेशन असतंच. काळा नायट्राइल फोम, त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा, मजुरी वेगळी, आणि खाली एक ओळ: "गॅसची भरपूर बचत होईल."

आता मी स्वतः इन्सुलेशन विकतो. "घाला" म्हटलं तर माझा माल जातो. पण ज्याची भट्टी सुरू होऊन अजून वर्षही झालेलं नाही, त्याने तो पैसा कुठे घालावा हे ठरवायला दहा मिनिटांचा हिशोब पुरतो. मी बीबीए केलंय, इंजिनियर नाही. तरी हा हिशोब मला जमतो, म्हणजे तुम्हालाही जमेल. व्हिडिओत आकडे भराभर गेले, असं बऱ्याच जणांनी सांगितलं, म्हणून इथे सावकाश मांडतो.

आधी आपल्या पाइपमधून नेमका कुठला गॅस जातो ते बघा. कोल्हापुरात आता एचपीऑइल गॅसची पीएनजीची लाइन बऱ्याच भागांत आलीय. पीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन. तो द्रव व्हायला उणे १६२ अंशांच्या आसपास थंडी लागते. आपल्याकडे कितीही कडाका पडला तरी त्या पाइपात गॅसचं पाणी होणार नाही. पीएनजीच्या पाइपला थंडीसाठी कुणी जाकीट सुचवत असेल तर चहा पाजा आणि निरोप द्या.

एलपीजीची गोष्ट वेगळी. त्यात प्रोपेन आणि ब्युटेन असे दोन भाऊ एकत्र राहतात. साध्या हवेच्या दाबाला प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, म्हणजे तो कायम बाहेर पडायला तयार. ब्युटेन उकळतो उणे अर्ध्या अंशाला. थोडा दाब वाढवला आणि थोडी थंडी मिळाली की हा लगेच द्रव होऊन बसतो. बाहेरच्या पाइपात जे साचतं ते प्रामुख्याने हेच.

तिसरा आपला गोबरगॅस. त्यात गॅस द्रव होत नाही, गॅसबरोबर आलेली पाण्याची वाफ थंड होऊन पाणी होते. त्याच्याकडे नंतर येतो, कारण गावाकडे जोडधंदा करणाऱ्यांना त्याचा त्रास जास्त आहे आणि इलाज सगळ्यात स्वस्त.

आता एलपीजीचं उदाहरण घेऊ. समजा शिरोली किंवा गोकुळ शिरगावला तुमचं छोटं पावडर कोटिंगचं युनिट आहे. भट्टीला तासाला २० किलो गॅस लागतो. सिलिंडरची बँक शेडच्या बाहेर, तिथे व्हेपरायझर, आणि तिथून भट्टीपर्यंत ३० मीटर एक इंची पाइप उघड्यावरून. व्हेपरायझरमधून गॅस ६० अंशांना निघतो. बाहेर रात्री १५ अंश.

प्रश्न पहिला: ३० मीटरनंतर गॅस किती गरम उरतो?

त्यासाठी दोनच आकडे लागतात. एक, गॅस उष्णता किती वाहून नेतो. एक किलो एलपीजीची वाफ एक अंशाने गरम करायला सुमारे १.७ किलोज्यूल लागतात. तासाला २० किलो म्हणजे सेकंदाला साडेपाच ग्रॅम. गुणाकार केला की उत्तर येतं अंशामागे सुमारे ९.४ वॅट. दुसरा आकडा, पाइप किती गळते. म्हणजे उष्णता, गॅस नव्हे! एक इंची उघडी पाइप, हलका वारा असेल तर प्रत्येक मीटरला, प्रत्येक अंशाच्या फरकामागे साधारण १ वॅट सोडते.

पहिल्याला दुसऱ्याने भागा. ९.४ भागिले १ म्हणजे साधारण ९ मीटर. याला मी एक 'टप्पा' म्हणतो. एक टप्पा संपला की गॅस आणि बाहेरची हवा यांच्यातल्या फरकाच्या रुपयातले ३७ पैसे उरतात. दुसरा टप्पा संपला की १४ पैसे, तिसऱ्याला ५ पैसे. ज्यांनी घसारा काढलाय त्यांना हे ओळखीचं वाटेल. मशिनची किंमत दरवर्षी उरलेल्या रकमेवर कमी होते ना, तीच पद्धत, फक्त वर्षांच्या जागी मीटर.

सुरुवातीचा फरक ४५ अंशांचा. ९ मीटरवर तो १७ अंश, १८ मीटरवर ६ आणि ३० मीटरवर जेमतेम दीड-दोन. म्हणजे भट्टीजवळ गॅस १७ अंशांचा. ६० अंशांना निघालेला गॅस ३० मीटरात बाहेरच्या हवेइतकाच गार झाला. व्हेपरायझरच्या तोंडाशी पाइपला हात लावून "गरम आहे की, चाललंय बेस" म्हणणाऱ्यांसाठी हा आकडा महत्त्वाचा.

आता त्याच पाइपला २५ मिलिमीटर जाडीचा फोम घाला. गळती मीटरला १ वॅटवरून पाव वॅटाच्याही खाली येते, सुमारे ०.२३. टप्पा झाला ४० मीटर. ३० मीटरनंतर गॅस ३७ अंशांचा. छान वाटतं ना? कोटेशन देणारा इथेच थांबतो. आपण पुढे जाऊ.

सकाळी भट्टी नुकतीच चालू केलीय, किंवा ऑर्डर कमी म्हणून बर्नर बारीक आहे. गॅस तासाला ५ किलोच वाहतोय. उष्णता वाहायची ताकद एक चतुर्थांश झाली, म्हणून टप्पाही चौथा हिस्सा, १० मीटर. ३० मीटर म्हणजे तीन टप्पे. जाकीट घालूनही गॅस बाहेरच्या हवेपेक्षा दोनच अंश वर. आणि जेवणाच्या सुट्टीत गॅस थांबला तर? तासा-दोन तासांत आतली पाइप गार. रात्रभर तर विचारूच नका. जाकीट उष्णता तयार करत नाही, फक्त जायला वेळ लावते.

बचतीचं म्हणाल तर तेही मोजून टाकू. जाकिटामुळे गॅस १७ ऐवजी ३७ अंशांना भट्टीत गेला. २० अंश गुणिले ९.४, म्हणजे १९० वॅटच्या आत. एलपीजीच्या एका किलोत सुमारे १२.८ युनिट उष्णता असते. त्या हिशोबाने तासाला वाचला १५ ग्रॅम गॅस. २० किलोत १५ ग्रॅम! तुमच्या भट्टीच्या दाराच्या फटीतून याच्या कितीतरी पट जास्त उष्णता जाते. आधी तो दोर बदला.

प्रश्न दुसरा, आणि खरा प्रश्न हाच: गॅस गार झाला तर झाला, तो द्रव होणार का?

थंड गॅस बर्नरला चालतो. द्रव चालत नाही. एक लिटर द्रव एलपीजीचा जवळपास अडीचशे लिटर गॅस होतो. असा एक घोट रेग्युलेटर ओलांडून बर्नरपर्यंत आला तर ज्योत एकदम लांब, पिवळी होते. पोरगा भट्टीजवळ वाकलेला असेल तर काय होईल ते मी लिहीत नाही. म्हणून या प्रश्नाला पैशापेक्षा मोठा अर्थ आहे.

द्रव होणं दोन गोष्टींवर ठरतं, थंडी आणि दाब. ४० भाग प्रोपेन, ६० भाग ब्युटेन असं मिश्रण धरू. कंपनीप्रमाणे आणि खेपेप्रमाणे प्रमाण बदलतं, म्हणून सावध बाजूने मोजतोय. या मिश्रणाची वाफ २० अंशांना गेजवर साधारण २ बारपर्यंत वाफच राहते. १५ अंशांना ही मर्यादा १.६ बार. १० अंशांना १.२. आणि ५ अंशांना ०.८५. त्याच्या वर दाब गेला की ब्युटेन पाइपच्या भिंतीला चिकटून थेंब होऊ लागतो. (हे गेजचे आकडे कोल्हापूरच्या उंचीला धरून आहेत. आपण समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटरवर, त्यामुळे आपल्याकडची हवाच ०.९५ बारची.)

आता आपल्या हवेकडे बघा. कोल्हापुरात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचं तापमान सरासरी १४-१५ अंश, कडाक्याच्या रात्री १० च्या आसपास. शिवाय उघड्या पत्र्यावरून गेलेली पाइप स्वच्छ आभाळाखाली हवेपेक्षाही थोडी गार होते. सकाळी गाडीच्या टपावर दव साचतं ते याचमुळे. म्हणून मी ८ अंश धरून चालतो. ८ अंशांना मर्यादा येते जेमतेम १ बार.

म्हणजे उघड्यावरच्या पाइपात तुमचा दाब दीड बार असेल, तर संध्याकाळपर्यंत सगळं सुरळीत आणि पहाटे गडबड. अडीच बार असेल तर १५ अंशांनासुद्धा गडबड. अडीच बारला हे मिश्रण २५ अंशांनाच थेंब धरायला लागतं. ३० मीटर उघडी पाइप, सरासरी ५ अंशांचा फरक, म्हणजे १५० वॅट उष्णता बाहेर. एक किलो एलपीजी द्रव व्हायला सुमारे ३७० किलोज्यूल सोडतो. भागाकार केला की तासाला साधारण दीड किलो द्रव. लिटरमध्ये अडीचपेक्षा जास्त. एका तासात!

तोच दाब व्हेपरायझरजवळच, पाइप बाहेर पडायच्या आधी, पाऊण बारवर उतरवला तर? मर्यादा ४ अंशांच्या आसपास जाते. कोल्हापुरात तेवढी थंडी पाइपला मिळणं अवघड. द्रव नाही, थेंब नाही, जाकीटही नाही. पहिला रेग्युलेटर बँकेजवळ, दुसरा भट्टीजवळ, याला दोन टप्प्यांचं रेग्युलेशन म्हणतात आणि चांगले कॉन्ट्रॅक्टर ते स्वतःहून सुचवतात. "दाब कमी केला तर भट्टीला गॅस पुरेल का?" असं लगेच विचारलं जातं. तासाला २० किलोसाठी एक इंची पाइप भरपूर आहे. ३० मीटरात दाबाची घट इतकी किरकोळ की गेजचा काटाही हलणार नाही. शंभर-दीडशे मीटर लाइन किंवा बराच जास्त गॅस असेल तर पाइपचा आकार कॉन्ट्रॅक्टरकडून तपासून घ्या.

रात्रीचा एक मुद्दा राहतो. भट्टी बंद केली, भट्टीजवळचा व्हॉल्व्ह बंद केला, पण बँकेजवळचा उघडाच ठेवला आणि व्हेपरायझरही गरमच राहिला. मग पाइप रात्रभर गार होत राहते आणि मागून नवीन वाफ येत राहते. दारूच्या भट्टीत जी नळी असते ना, तिच्यासारखंच काम. सखल भागात द्रव साचतो आणि सकाळचा पहिला बर्नर तो ओढतो. दिवसअखेरीला आधी बँकेकडचा व्हॉल्व्ह बंद करून पाइपमधला गॅस भट्टीत जळू द्यायचा आणि मगच भट्टीकडचा बंद करायचा, अशी सवय कामगारांना लावा. याला एक रुपया लागत नाही. जिथे पाइपात खरोखर द्रव असतो, तिथे दोन बंद व्हॉल्व्हच्या मध्ये तो अडकू नये हेही बघा. सकाळी ऊन लागलं की द्रव फुगतो आणि दाब भलताच चढतो. म्हणूनच द्रवाच्या लाइनवर दोन व्हॉल्व्हमध्ये सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. तो कुणी "गळतोय" म्हणून प्लग मारून बंद केला असेल तर आजच उघडून घ्या.

इथे हॉटेल, नाश्ता सेंटर, बेकरीवाले म्हणतील, आमच्याकडे व्हेपरायझरच नाही. १९ किलोचे चार-सहा सिलिंडर आणि मॅनिफोल्ड. तुमचा त्रास उलटा आहे. सिलिंडरमध्ये गॅस तयार होताना तो स्वतःच गार पडतो, त्यामुळे पाइपात जाणारा गॅस बाहेरच्या हवेपेक्षा थंड असतो आणि पाइप त्याला गरमच करते. पाइपात द्रव साचण्याची भीती कमी. सिलिंडरवर बाहेरून पांढरा बर्फ दिसतो, तो हवेतल्या ओलाव्याचा. तो आतून आलेला गॅस नाही. त्याचा अर्थ एवढाच की एका सिलिंडरकडून तुम्ही झेपेल त्यापेक्षा जास्त गॅस ओढताय. प्रोपेन आधी निघून जातो, ब्युटेन मागे राहतो, आणि थंडीत तो लवकर बाहेर येत नाही. म्हणून "टाकीत गॅस आहे, पण येत नाही." इलाज म्हणजे एकाच वेळी जास्त सिलिंडर लाइनला जोडणं. उकळतं पाणी ओतणं, सिलिंडर आडवा करणं, खाली शेगडी ठेवणं असले उद्योग मी डोळ्यांनी पाहिलेत. हात जोडून सांगतो, करू नका. सिलिंडर आडवा केला तर रेग्युलेटरमध्ये थेट द्रव जातो.

आता गोबरगॅस. आपल्या जिल्ह्यात दुधाची जनावरं गावोगावी, त्यामुळे गोबरगॅसही गावोगावी. खवा, बासुंदी, शेवया, पापड असा घरगुती धंदा त्यावर चालवणाऱ्या ताया आमच्या प्रशिक्षणाला येतात. एकीचा संवाद सांगतो.

"दादा, टाकी वर आलीय, गॅस भरलाय, पण शेगडी पेटतच न्हाई."
"पाइप कुठून आणलीय ताई?"
"गोठ्यावरनं, मग बांधावरनं, झाडाला बांधून."
"मध्ये झोळ पडलाय?"
"पडलाय की थोडा."

तो थोडा झोळच सगळं करतो. हिशोब बघा. टाकीतून गॅस २५ अंशांना निघतो, पाण्याच्या वाफेने पूर्ण भरलेला. एका घनमीटरात सुमारे २३ ग्रॅम पाणी. पाइप १५ अंशांची असेल तर त्यात १३ ग्रॅमच मावतं. उरलेलं १० ग्रॅम पाइपात पडतं. रोज दोन घनमीटर वापरला तर रोज २० ग्रॅम. पाच दिवसांत १०० मिलिलिटर, म्हणजे अर्धा कप चहाइतकं. तरंगत्या टाकीच्या प्लांटमध्ये गॅसचा दाब असतो पाण्याच्या दहा सेंटिमीटर उंचीइतका. पाऊण-एक इंची पाइपला दहा-बारा सेंटिमीटरचा खोल, आखूड झोळ असेल तर तेवढं पाणी गॅसचा रस्ता पूर्ण बंद करतं. टाकी भरलेली आणि शेगडी कोरडी!

इथे जाकीट चालेल का? आपला टप्पा काढा. एका शेगडीला तासाला अर्धा घनमीटर गॅस, वजन अर्ध्या किलोच्या थोडं वर. उष्णता वाहायची ताकद अंशामागे पाव वॅटपेक्षाही कमी. गॅस इतका संथ की पाइपची गळती मीटरला पाव वॅटच धरली, तरी टप्पा येतो एक मीटरचा. तीन मीटरवर गॅस बाहेरच्या हवेइतका गार. गोठा ते स्वयंपाकघर ३० मीटर असेल तर जाकिटाचा सगळा पैसा मातीत.

इलाज उताराचा. पाइपला एका बाजूला सरळ उतार द्या, शंभराला एक, म्हणजे ३० मीटरला ३० सेंटिमीटर. उतार टाकीकडे असेल तर पाणी आपोआप परत जातं. तसं जमत नसेल तर सगळ्यात खालच्या जागी टी बसवून पाणी काढायचा कॉक लावा आणि थंडीत आठवड्याला एकदा उघडा. उघडताना जवळ विडी-काडी नको, पाणी गेलं की लगेच बंद. ही युक्ती नवी नाही. मुंबईत १८६५ साली रस्त्यावर गॅसचे दिवे लागले तेव्हा पाइपातून कोळशाचा गॅस यायचा. अशा गॅसमधलं पाणी आणि डांबर पाइपात साचायचं, म्हणून जगभर त्या काळच्या गॅसलाइनींना उतार देऊन खालच्या जागी पाणी गोळा करायची भांडी बसवत. इंग्लंडपासून गोठ्यापर्यंत अक्कल तीच.

एक लक्षात ठेवा. गोबरगॅसचा कॉक तुम्ही स्वतः उघडू शकता. एलपीजीच्या लाइनचा ड्रेन असा हवेत कधीच उघडायचा नाही. एलपीजीची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीवरून सरपटत गटारात, खड्ड्यात, शेजारच्या वेल्डिंगपर्यंत जाते. ते काम कंपनीच्या अधिकृत माणसाचं.

मग इन्सुलेशन विकत घ्यायचंच नाही? घ्या की, जिथे काम आहे तिथे. वाफेच्या बॉयलरची लाइन, गरम तेलाची लाइन, गरम पाण्याची लाइन. इचलकरंजीच्या प्रोसेस हाऊसमध्ये उघडी स्टीम पाइप दिसली तर तिथे खरोखर पैसा हवेत उडत असतो, कारण तिथे फरक शंभर-सव्वाशे अंशांचा आणि वर्षभर. एलपीजीच्या लाइनवर भट्टीची प्रक्रियाच अशी असेल की दाब खाली आणता येत नाही, तर जाकीट आणि त्याखाली पाइप गरम ठेवणारी, अशा जागेसाठी मान्य असलेली तार, दोन्ही लागतात. एकटं जाकीट रात्री हरतं.

पावसाचाही विचार करा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाइप ओलीच असते, गगनबावड्याकडे तर बोलायलाच नको. पत्र्याच्या सांध्यातून पाणी आत गेलं की ग्लासवूल स्पंजसारखं भिजतं, उष्णता अडवणं थांबतं, आणि आत लोखंड बाहेरून न दिसता गंजत राहतं. गॅसच्या पाइपला गंज दिसलाच पाहिजे. उघडी, पिवळा रंग मारलेली पाइप वर्षातून एकदा डोळ्यांनी तपासता येते. जाकिटाखालची कोण तपासणार?

कोटेशन घेऊन येणाऱ्याला विचारायचं ते असं: उघड्या पाइपात दाब किती ठेवणार, कुठलं तापमान धरून मोजलं, सगळ्यात कमी गॅस वाहत असताना भट्टीजवळ गॅस किती अंशांचा असेल, आणि पाइपचा उतार कुठल्या बाजूला. जो कागदावर उत्तर देतो त्याला काम द्या. "साहेब, आम्ही सगळीकडे असंच करतो" म्हणतो त्याला चहा.

परवान्याचंही सांगून ठेवतो. १०० किलोपेक्षा जास्त एलपीजी साठवायचा असेल तर पेसोचा परवाना लागतो. स्फोटक आणि पेट्रोलियम सुरक्षेची ही केंद्राची संस्था, मुख्यालय आपल्या नागपुरातच. १९ किलोचे पाच सिलिंडर म्हणजे ९५ किलो, सहावा आला की ११४. लाइन आणि रेग्युलेटरमधला कुठलाही बदल गॅस कंपनीच्या अधिकृत कॉन्ट्रॅक्टरकडूनच करून घ्या. आपला हिशोब त्याच्याशी बोलण्यासाठी आहे, पाना हातात घेण्यासाठी नाही.

पुढच्या व्हिडिओत हेच गणित एका तक्त्यात भरून दाखवतो. तोवर आपल्या लाइनची लांबी, पाइपचा आकार, तासाचा गॅस आणि बँकेजवळच्या गेजचा आकडा वहीत लिहून ठेवा. गेजचा आकडा दुपारी बघू नका, पहाटे भट्टी लावायच्या आधी बघा.